किपचे यंत्र आणि अध्यापकांचा वर्ग

धुळ्याच्या एका महाविद्यालयात असेंद्रिय रसायनशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांची कार्यशाळा भरणार आहे, तिचा वृत्तान्त आणावा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा अभ्यासक्रमाची चर्चा आणि विद्वानांची व्याख्याने यांपलीकडे तेथे विशेष काही पाहावयास मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. परंतु दुपारनंतर मंडळी प्रयोगशाळेत गेली आणि तेथील एका जुन्या काचयंत्राने माझे सारे लक्ष वेधून घेतले, ते अखेरपर्यंत सोडले नाही.

या मुलखातील उच्च शिक्षणाचा इतिहास थोडक्यात सांगून होतो. 1945 साली जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप ही महाविद्यालये निघाली तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेश त्याच्या कक्षेत आला, आणि 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. आज बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या त्या विद्यापीठाकडे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे आहेत. अभ्यासक्रम बदलला की अभ्यास मंडळाच्या पुढाकाराने अध्यापकांनी एकत्र बसून नव्या भागाची उजळणी करावयाची, हा रिवाज आता रुळलेला आहे. सकाळच्या व्याख्यानात आल्फ्रेड वेर्नरने 1893 साली मांडलेल्या समन्वय संयुगांच्या उपपत्तीचे विवेचन झाले. ते उत्तम होते, पण ग्रंथांतूनही मिळण्यासारखे होते.

प्रयोगशाळेतील यंत्र मात्र ग्रंथातून मिळत नाही. डेल्फ्टच्या किप नावाच्या औषधविक्रेत्याने 1844 च्या सुमारास ते योजिले. एकावर एक असे काचेचे तीन गोल. वरच्या गोलाची लांब नळी मधल्या गोलातून थेट खालच्या गोलाच्या तळाशी पोहोचलेली. मधल्या गोलात लोह सल्फाइडचे काळे खडे, आणि वरून ओतलेले सौम्य आम्ल. मधल्या गोलाची तोटी उघडली की आम्ल खालून चढते, खड्यांना भिडते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडू लागतो; तोटी बंद केली की अडकलेल्या वायूचाच दाब आम्लाला खाली रेटतो, ते नळीवाटे वरच्या गोलात परत जाते, खडे कोरडे पडतात आणि क्रिया आपोआप थांबते. आपल्याच निर्मितीने आपल्याला आवर घालणारी ही रचना मी किती तरी वेळ न्याहाळीत उभा होतो.

यंत्र भरण्याचे काम प्रयोगशाळेच्या वृद्ध परिचराकडे होते. लहानथोर सारे त्यांना नाना म्हणत. खड्यांचा भुगा खालच्या गोलात पडला तर तोटी बंद असतानाही वायू निघत राहतो, म्हणून ते प्रत्येक खडा चाळून, बोटांनी चाचपून आत सोडीत. घासकाचेच्या सांध्यांना व्हॅसलिन किती लावावे, आम्ल निकामी झाले हे त्याच्या हिरवट रंगावरून केव्हा ओळखावे, वायू परीक्षानळीत सोडण्यापूर्वी पाण्यातून का धुऊन घ्यावा, हे सारे त्यांनी अध्यापकांना दाखविले. पदवीधर मंडळी त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांप्रमाणे उभी होती, आणि नाना प्रत्येकाला ‘सर’ म्हणून संबोधीत असले तरी त्या तासाचे गुरू तेच होते.

त्यानंतर एका प्राध्यापिकेने जे शिकविले त्यात मला कार्यशाळेचे खरे सार्थक दिसले. धातूंचे गट पाडून त्यांची ओळख पटविण्याची जी पद्धत फ्रेझेनियसने 1841 च्या आपल्या ग्रंथात सुव्यवस्थित मांडली, ती आपले विद्यार्थी कोष्टक म्हणून पाठ करतात. दुसऱ्या गटात आम्ल आणि चौथ्या गटात अमोनिया का, हे त्यांना विचारू नये. बाईंनी तांबे आणि जस्त एकत्र असलेले द्रावण घेतले. आम्ल असताना वायू सोडला तेव्हा केवळ काळा साका खाली बसला. तो गाळून द्रावण अमोनियायुक्त केले आणि तोच वायू पुन्हा सोडला, तेव्हा जस्ताचा पांढरा साका उमटला. आम्लातील हायड्रोजन आयन सल्फाइड आयनांची संख्या इतकी रोखून धरतात की अत्यल्प विद्राव्य असलेले तांब्याचे सल्फाइड तेवढेच सुटे होऊ शकते. अमोनियाने तो निर्बंध उठविला की जस्ताची पाळी येते. किपच्या यंत्रात जो संयम दाबाचा, तोच येथे समतोलाचा, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कोष्टक पाठ करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

बाईंचा दुसरा आग्रह असा की, नमुने बाटलीतलेच कशाला? ठिबकच्या नळ्यांत साचणारा पांढरा थर आम्लाने फसफसतो आणि निघालेला वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो. जळगाव जिल्ह्यातला केळीचा बागाईतदार नळ्यांतून आम्ल सोडून हीच क्रिया करीत असतो, फक्त तिला कार्बोनेटची कसोटी म्हणत नाही. केळीच्या खोडाची राख प्लॅटिनमच्या तारेवर धरून निळ्या काचेतून पाहिली की सोडियमचा पिवळा उजेड गाळला जाऊन पोटॅशियमची जांभळट ज्योत दिसते. येथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइटची स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत जातात, आणि कठीण पाण्यातील कॅल्शियम आयन उचलून त्या जागी सोडियम देण्याचा त्यांच्या वर्गाचा गुण आम्ही मुलांना चित्रावरून शिकवतो, ही खंत एका जळगावकर अध्यापकाने बोलून दाखविली, तिच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

पण अडचणी सामान्य नाहीत. हायड्रोजन सल्फाइड जहरी आहे, आणि हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे 100 च्या आसपास भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते, म्हणजे धोक्याची सूचना देणारा वासच नाहीसा होतो. वायू खेचून घेणारे कपाट धड नसेल तर हे यंत्र वर्गात आणणे अपराध ठरेल. त्याऐवजी थायोअॅसिटामाइड तापवून वायू मिळविता येतो, पण ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकाला सत्रात 30 तास मिळतात, त्यांत यंत्र भरणे, बिघडणे, धुणे हे सारे बसवावयाचे. पंखे व कपाटे यांच्या दुरुस्तीच्या दरखास्ती कचेरीत पडून राहतात, निवृत्त परिचरांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि नानांच्या हाताखाली आज शिकणारा कोणीही नाही.

याहून मोठी चिंता वेगळीच आहे. ज्यांनी हे शिकावयास हवे त्यांपैकी अनेक तरुण तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास घेतले तितके मानधन, त्यामुळे कार्यशाळेला येणे म्हणजे त्या दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडणे. नंदुरबारकडून पहाटेच्या गाडीने आलेला एक तरुण याच हिशेबाने दुसऱ्या दिवशी येणार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशीच किपचे यंत्र प्रत्येकाने स्वतः भरावयाचे होते. कार्यशाळेच्या अनुदानातून पाहुण्या व्याख्यात्यांच्या प्रवासखर्चाची तजवीज होते. त्याच खात्यातून या तरुणांच्या बुडालेल्या तासांचे मानधन द्यावे, आणि तशी मंजुरी पुढल्या कार्यशाळेच्या निमंत्रणापूर्वीच घ्यावी, असे मी संयोजकांना सुचविले आहे.