धुण्याच्या नाण्यावरचा माणूस

वॉशिंग्टन :

पुण्याकडे आमच्या पुनावळ्यात घरोघरी वॉशिंग मशिन. इथे राजधानीत राहूनही आमचं धुणं तळघरातल्या सामायिक मशिनमध्ये, आणि ते क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, खाल्ल्याशिवाय फिरत नाही. रविवारी मुठीतून एक वेगळंच नाणं निघालं. टेबलाशी लिहीत बसलेला माणूस, मागे घर. नाव फ्रेडरिक डग्लस, साल २०१७.

२०१० ते २०२१ या काळात टांकसाळीने असे ५६ क्वार्टर काढले, प्रत्येक राज्य-प्रदेशातल्या एकेका जपलेल्या स्थळाचे. राजधानीच्या वाट्याला डग्लसचं हे घर आलं. हौशी संग्राहक याच नक्षीचं पाच औंस चांदीचं, बशीएवढं नाणं घेतात. आम्हाला साबणाच्या हाताचंच.

नाणं उलटं केलं की जॉर्ज वॉशिंग्टन. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या वाडीवर ३१७ गुलाम होते; पैकी स्वतःच्या मालकीचे १२३ मृत्युपत्राने मुक्त करून गेले. आणि पाठीला पाठ लावून बसलाय तो १८३८ मध्ये मेरीलँडमधून पळालेला, पुढे गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेला गुलाम, डग्लस!

१८७७ मध्ये त्याने ॲनाकोस्टियाच्या टेकडीवरचं हे घर घेतलं. ती वसाहत आखणाऱ्याची अट होती, काळ्यांना जागा विकायची नाही. १८९५ मध्ये डग्लस गेला आणि घराबाबतचं मृत्युपत्र कायद्यात टिकलं नाही. दुसरी बायको हेलन गोरी; तिने कर्ज काढून सावत्र मुलांचे हिस्से घेतले, घर राखलं. तिच्यामागे उरलेलं गहाण फेडलं ते काळ्या बायकांच्या संघटनेनं, वर्गणी काढून. घर जपायला सरकार आलं ते १९६२ मध्ये. नाण्यावर मात्र या बायका नाहीत, याचा मला जरा रागच आला.

डग्लस याच शहरात राहत होता त्या १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. इथल्या शेजाऱ्यांना हे सांगितलं तर चकित होतात. फुलेवाडा आपल्या गंज पेठेत. त्याचं नाणं निघालं तर वाड्याआधी त्यावर तिथला पाण्याचा हौद हवा, १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केलेला.

डग्लसला मी मशिनमध्ये टाकलं नाही. त्यामुळे ड्रायरला एक क्वार्टर कमी पडलं, आणि ओल्या चादरी खांद्यावर टाकून चार जिने चढलो.