पेलेटच्या शेगडीचा पंखा चालेनासा झाल्यास

आपला बालाघाट जिल्हा धानाचा. येथील चिन्नोर तांदुळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले, हे सर्वांस विदितच आहे. धान भरडले असता वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. हे तूस यंत्रात दाबून त्याच्या कांड्या, म्हणजे पेलेट, करतात. व त्यांवर मिठाईची किंवा खानावळीची शेगडी उत्तम चालते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेली 'ऊर्जा' शेगडी याच जातीची होती.

या शेगडीचा प्राण म्हणजे तिचा पंखा. तो खालून थोडी हवा देऊन पेलेटमधून वायू काढतो व वरच्या छिद्रांतून अधिक हवा देऊन तो वायू जाळतो. पंखा थांबला की ज्वाला विझते, परंतु निखारा धुमसत राहतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वासही नाही. म्हणून प्रथम दारे-खिडक्या उघडाव्या, नवे पेलेट घालू नयेत व माणसांस बाहेर काढावे. साठलेला वायू पंखा सुरू होताच एकदम पेट घेतो. यास्तव शेगडीवर वाकून पंखा चालू करू नये. दुरुस्ती शेगडी थंड झाल्यावरच करावी.

दोष शोधण्याचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा. त्याच सॉकेटमध्ये दिवा लावून पाहावा. दिवा लागला नाही तर दोष शेगडीत नाही. फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर जाड तार बसवू नये. मोटार वा वायर तपासून घ्यावी. दिवा लागत असेल तर रेग्युलेटर पूर्ण फिरवून कान द्यावा.

मुळीच आवाज नसेल, तर बहुधा वीज मोटारीपर्यंत पोचत नाही. स्विच, रेग्युलेटर व सुटलेली वायर पाहावी. गुणगुण ऐकू येते पण पाते फिरत नाही, तर तत्काळ बंद करावे, अन्यथा मोटारीची वाइंडिंग जळते. मग प्लग काढून पाते काडीने फिरवावे. जड फिरले तर राख साचली आहे किंवा बेअरिंग अडकले आहे. सहज फिरले तर बहुधा कपॅसिटर निकामी झाला आहे. तो तितक्याच मायक्रोफॅरडचा व कमी व्होल्टेजचा नसलेला असा बसवावा. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून हे काम वायरमनकडूनच करवावे. बॅटरीवरील लहान शेगडीत मात्र बॅटरीची टोके गंजली आहेत काय, हे आधी पाहावे.

थंड देशांत खोली उबविणाऱ्या पेलेट-शेगड्यांत गरम हवेचा पंखा अंग तापल्यावरच आपोआप फिरतो. तेथे आरंभीची शांतता म्हणजे दोष नव्हे.

तुसात राख पुष्कळ, सुमारे पाचवा हिस्सा, व ती वाळूसारख्या सिलिकाची असते. म्हणून राख रोज काढावी व पात्यांवरील धूळ आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावी. बंद ठेवलेली शेगडी पेटविण्यापूर्वी नळी उघडून पाहावी. आत कीटकांनी आश्रय घेतलेला असतो, त्यांचाही जीव वाचतो. अल्प किमतीच्या कपॅसिटरसाठी पुष्कळदा सबंध पंखाच टाकून दिला जातो. मालाची पारख करणाऱ्या व्यापाऱ्याने यंत्राचीही अशीच पारख केली, तर द्रव्य वाचेल व भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाचे रक्षण होईल.