निपाणीच्या काळ्या मातीखालचा लाव्हा

निपाणीचा तंबाखू ज्या काळ्या मातीत पोसला, ती बेसाल्ट झिजून झाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन भेगाळली आणि लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. आजही त्याचे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. त्यांची दक्षिणेकडची कड बेळगावच्या परिसरात येते. गोकाकचा धबधबा कोसळतो तो मात्र त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्मावरून.

लाव्ह्याचे असे उद्रेक आज सुरू झाले तर? मला लाव्ह्यापेक्षा वायूची भीती अधिक वाटते. १७८३ मध्ये आइसलंडमधली लाकी भेग आठ महिने धुमसली. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला, गुरे-मेंढ्या मेल्या, दुष्काळ पडला आणि तिथली सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. दख्खनपुढे तो उद्रेक अगदीच छोटा!

गंधकाच्या या वायूपासून सूक्ष्म थेंब बनतात आणि ते ऊन परतवतात. त्यामुळे जमीन समुद्रापेक्षा लवकर थंडावते. आपला मोसमी पाऊस तर तापलेली जमीन आणि गार समुद्र यांच्यातल्या फरकावरच चालतो. तो फरक घटला की वारे मंदावणार. मग बेळगावला पाणी पुरवणारे राकसकोप आणि हिडकल हे जलाशय भरणार कसे? वेदगंगेकाठचा उसाचा फड कशावर जगणार? धान्य बाहेरून आणावे, तर तिथेही हीच टंचाई.

हे दख्खनमध्येच पुन्हा घडेल असे मात्र नाही: तिथले उद्रेक ज्या तप्त स्रोताशी जोडले जातात, तो भारत उत्तरेकडे सरकल्याने मागे राहिला. आज तो हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे. पण भेगांमधून होणारे उद्रेक थांबलेले नाहीत; आइसलंडच्या रेक्यानेस द्वीपकल्पात २०२१ पासून नव्या भेगा उघडू लागल्या आहेत.