एकच कोयता घ्यायचा झाला तर
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबीर साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात भरले होते. पहिल्या संध्याकाळची गोष्ट. एका वर्गमित्राने शहरातून मागविलेला झगझगीत सुरा पिशवीतून काढला. पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दात, मूठ पोकळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र आणि आत आगकाड्या! १९८२ साली आलेल्या ‘फर्स्ट ब्लड’ या अमेरिकन चित्रपटात रँबोच्या हाती असा सुरा होता, तेव्हापासून त्याच्या नकला जगभर विकल्या जातात, ही माहितीही त्याने दिली. आम्ही सारे थक्क झालो. पण चुलीसाठी सरपण फोडायला घेतले आणि चौथ्या-पाचव्या घावालाच पाते एकीकडे, मूठ दुसरीकडे! होकायंत्र मात्र इमानाने उत्तर दाखवीत राहिले. शेवटी गावातल्या एका आजीबाईंनी घरातला काळाकुट्ट कोयता आणून दिला, तेव्हा कुठे पिठले-भाकरी झाली.

रात्री शेकोटीभोवती वाद रंगला. रानात राहण्याची वेळ आली आणि एकच हत्यार नेता आले, तर कोणते न्यावे? माझे आजोबा आयुष्यभर रानात आणि शेतात कोयता चालवीत आले. त्यांच्याकडून जे ऐकले व पाहिले, त्याला पुस्तकातील थोडी जोड देऊन ते येथे मांडते.

प्रथम काम कोणते ते पाहू. रानात वाळलेली फांदी तोडणे, लाकूड फोडणे, बांबू छाटणे, घाणेरीच्या जाळीतून वाट काढणे आणि आडोशाला चार मेढी रोवणे ही मुख्य कामे. घडीचा चाकू येथे टिकत नाही, कारण त्याचा सांधा हीच त्याची कमजोरी. कुऱ्हाड लाकूड उत्तम तोडते, पण तिने झुडूप छाटता येत नाही की बांबू तासता येत नाही. विळा गवताचा सोबती. ही सारी कामे थोडीथोडी का होईना, पण करतो तो कोयताच.

इतर देशांतील लोकही याच उत्तरापर्यंत पोहोचले आहेत, मात्र आपापल्या झाडोऱ्याप्रमाणे. दक्षिण अमेरिकेतील माशेटी लांब व पातळ असते, कारण तिकडे मऊ वेली आणि गवत छाटायचे असते. मलाया-इंडोनेशियातील पारंग जाड आणि पोटाशी जड असतो. नेपाळची कुकरी पुढे वाकलेली असते, त्यामुळे वजन टोकाकडे जाते आणि घाव खोल बसतो. आपल्याकडे साग, खैर, धावडा, बाभूळ अशी कठीण लाकडे, आणि त्यांच्याच शेजारी बांबू. म्हणून आपला कोयता मध्यम जाडीचा. आजोबांच्या कोयत्याचे पाते मी मोजले. लांबी अकरा इंच, पाठीकडे जाडी पाच मिलिमीटर. पाते याहून फार लांब झाले तर जाळीत अडकते आणि फार आखूड झाले तर घावाला जोर राहत नाही.

आता लोखंडाविषयी. आमच्याकडे चांगला कोयता मालमोटारीच्या जुन्या कमानपट्ट्यापासून घडवितात. सुरत-धुळे महामार्ग साक्रीवरून आणि पुढे कोंडाईबारीच्या घाटातून जातो, त्यामुळे गॅरेजांत असा पट्टा मिळतो. या पोलादात कार्बनचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या वर असते. बाजारात स्वस्तात मिळणारे काही कोयते साध्या पत्र्याचे असतात. त्यात कार्बन शेकडा पावाहूनही कमी, म्हणून त्यांना धारच धरत नाही.

आठवडे बाजाराच्या कडेला घिसाड्यांची बिऱ्हाडे उतरतात. नवरा सांडशीत लोखंड फिरवितो आणि बायको घण घालते. तिच्या हातातले बळ पाहून आपण मान खाली घालावी! घडण झाली की हत्याराला ‘पाणी’ देतात. पाते लाल तापले की कार्बन लोखंडात विरघळतो. ते तेलात किंवा पाण्यात एकदम बुडविले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि लोखंड कठीण होते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर गेले की पाणी देण्याची वेळ झाली, असे विज्ञान सांगते. कारागीर हे रंगावरून ओळखतो. पण असे पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा हलकेच तापवितात. घासलेल्या लोखंडावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबले तर धार कठीण पण तुटकी, निळ्यावर गेले तर चिवट पण मऊ. कोयत्याला मधला रंग हवा.

विकत घेताना पारख कशी करावी? आजोबा कोयता बोटावर तोलून दगडावर हलकेच वाजवितात आणि म्हणतात, “लोखंड बोलस, पोरी.” स्वच्छ टणत्कार आला तर ठीक. भद्द आवाज आला तर कोठे तरी चीर आहे किंवा मूठ ढिली आहे. दुसरी पारख कानशीची. धारेवर कानस जरा जोर लावल्यावर चालावी. घसरून गेली तर पाते तुटेल, लोण्यासारखी चालली तर धार लगेच वळेल. तिसरी पारख डोळ्यांची. यंत्राच्या चाकावर घाईने घासलेल्या धारेवर निळा डाग दिसला, तर तेथले पाणी उतरले असे समजावे. चकाकी मात्र कधीच पाहू नये.

मुठीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण आमच्या मित्राचा सुरा मोडला तो तेथेच. मूठ पोकळ असली की पाते बोटभर खिळ्यावर उभे असते. पात्याचे लोखंड मुठीतून आरपार जाऊन मागे ठोकून बसविलेले असावे आणि तोंडाशी लोखंडी कडी असावी. लाकूड बाभळीचे किंवा शिसवीचे चालेल, पण गुळगुळीत रंग दिलेले नको, घामाने हात सटकतो. मूठ धरल्यावर बोटे तळव्याला जेमतेम टेकावीत. दुसऱ्याच्या हाताच्या मापाची मूठ संध्याकाळपर्यंत फोड आणते.

वापरण्याचेही नियम आहेत. घाव आडवा न घालता तिरका घालावा, म्हणजे लाकडाच्या रेषा सहज तुटतात. घावाच्या वाटेत आपला पाय नसावा. कोयता हातातून हातात देऊ नये, जमिनीवर ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा. ओले झाड तोडू नये. ते जळत तर नाहीच, वर रानाचे नुकसान होते. काम झाले की पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. प्रवासात गोणपाटात गुंडाळूनच न्यावा. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडविलेली तेवढी त्यातून वगळली आहेत. थोडक्यात, कोयता कामावर असेल तोवरच अवजार. गेल्या काही वर्षांत पुण्याकडील वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हे शब्द वाचले की, आजोबांच्या हातातली वस्तू कोणी पळवून नेली असे मला वाटते.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या खानदेशातून दर वर्षी हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडच्या कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. माझे आई-वडीलही जातात. तेथे माणसे मोजताना कोणी ‘नवरा-बायको’ म्हणत नाही. दोघे मिळून ‘एक कोयता’, आणि एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. उचल मिळते तीही कोयत्यावर. मी दहावीत असताना मुकादम आप्पांना म्हणाला, पोरीचे लग्न उरकून टाका, एक कोयता वाढेल. आप्पा काही बोलले नाहीत. पाचट काढता काढता मायच बोलली, “पोर शाळाम्हा जाई.” त्या वर्षी माझ्यासाठी कोयता घेतला गेला नाही. त्याऐवजी एक दप्तर आले.

म्हणून कोयता कसा निवडावा हे मी आवडीने शिकले. कोयता चांगला पारखून घ्यावा, जन्मभर सोबत करील असा घ्यावा. पण तो हातात असावा. माणसालाच कोणी कोयता म्हणू लागले, तर मायसारखे वेळेवर बोलावे. पुढच्या शिबिराला आजोबांचा कोयता मी नेणार आहे. सरपण मीच फोडीन!