शरीराला सूट, पैशाला नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे १२,००० अमेरिकन तरुणांनी लष्कराऐवजी नागरी सेवेच्या छावण्यांत काम केले. कुणी जंगलातले वणवे विझवले, कुणी मनोरुग्णालयांत राबले. धर्मश्रद्धेमुळे युद्ध निषिद्ध मानणाऱ्यांना ही वाट १९४० च्या सैन्यभरती कायद्यानेच दिली होती. हेच तरुण पुढे कमावते झाले, तेव्हा त्यांच्या प्राप्तिकरातून बॉम्ब आणि रणगाडे विकत घेतले गेले. तिथे मात्र त्यांच्या सदसद्विवेकाला कायद्यात जागा नव्हती. आजही नाही. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. तेव्हापासून तिथले सरकार युद्धासाठी घरातला मुलगा सक्तीने मागत नाही, पैसा मागते.

हा पेच तसा जुना. पेनसिल्व्हेनियात १७५५ मध्ये जॉन वूलमन आणि त्याच्या काही क्वेकर सोबत्यांनी युद्धासाठीचा कर आपल्याला भरता येणार नाही असे जाहीर केले. त्यांच्याच पंथातले बरेच जण तो भरून मोकळे झाले. व्हिएतनाम युद्धात टेलिफोनच्या बिलाने हा प्रश्न घरोघर नेला. युद्धखर्च भागवण्यासाठी १९६६ मध्ये बिलावरचा केंद्रीय कर पुन्हा १० टक्के झाला आणि अनेक जण तेवढी रक्कम वगळून बाकीचे बिल भरू लागले. पैसा कशासाठी जातो हे उघड होते, म्हणून नकारही सोपा होता. प्राप्तिकरात शाळा, रस्ते, पाणबुड्या असे सगळे एकाच तिजोरीतून चालते. तो थकवणाऱ्याच्या पगारातून किंवा बँक खात्यातून सरकार दंड-व्याजासह वसुली करते, त्यामुळे निषेध करूनही त्याचा पैसा युद्धाला जातो, तोही वाढीव.

न्यायालयाला भीती वाटते ती पायंड्याची. १९८२ मध्ये धर्मश्रद्धेमुळे सामाजिक सुरक्षेचा कर नाकारणाऱ्या आमिश पंथातल्या एका सुताराचे म्हणणे फेटाळताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धविरोधकांचेच उदाहरण दिले: याला सूट दिली तर त्यांनाही द्यावी लागेल, मग करव्यवस्था चालायची कशी? पण अमेरिकन काँग्रेसचे सदस्य रॉन डेलम्स यांनी १९७२ मध्येच मांडलेल्या शांतता-कर निधीच्या विधेयकात याचे उत्तर होते. त्यात कर एका डॉलरनेही कमी होत नव्हता. फक्त त्यातला लष्करी वाटा शांततेच्या कामांकडे वळवायचा होता. पदरात काहीच पडणार नसेल, तर खोटी श्रद्धा मिरवायला कोण येईल? आणि उद्या प्रत्येक जण नावडत्या खर्चावर बोट ठेवील, हेही पटत नाही. माणूस मारण्याची सक्ती ही वेगळी गोष्ट आहे, हे भरतीच्या कायद्याने आधीच मानले आहे. तरीही ते विधेयक पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि पडून राहिले.

खरी अवघड हरकत हिशेबाची आहे. एकाचे पैसे शाळेकडे वळवले, तर दुसऱ्याचे तेवढेच पाणबुडीकडे जातील आणि संरक्षणखर्च होता तेवढाच राहील. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९४० च्या कायद्यालाही हीच हरकत लागू होती. नकार देणाऱ्या तरुणाच्या जागी दुसरा भरती झालाच, पलटण काही अपुरी राहिली नाही. युद्ध थांबवण्याचा अधिकार कायद्याने त्या तरुणाला दिलाच नव्हता. त्याच्या हातून कुणी मारले जाऊ नये, एवढेच मान्य केले होते. करदाता याहून अधिक काही मागत नाही.