न कुजणारी अळी

मातीतला एक सूक्ष्म सूत्रकृमी अळीच्या अंगात शिरतो आणि पोटातले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू तिथे ओकतो. दोनेक दिवसांत अळी मरते. खरं नवल पुढेच! हे कलेवर कुजत नाही. अंधारात मंद उजळतं. आपल्या ताटात दुसऱ्या जंतूंनी हात घालू नये म्हणून हे जिवाणू प्रतिजैविकं बनवतात. इतकी चोख राखण मी बँकेच्या तिजोरीलाही पाहिली नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस यांच्या गटाला २०१९ साली यातूनच डॅरोबॅक्टिन गवसलं. ई. कोलायसारख्या चिवट जंतूंचं बाहेरचं कवच रचणारं प्रथिनच ते जखडतं. अशा जंतूंवर नव्या जातीचं औषध क्वचितच सापडतं. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. डॅरोबॅक्टिनने प्रयोगशाळेतले उंदीर वाचवले. माणसांसाठीचं औषध अजून व्हायचं आहे.