वॉशिंग्टन आडनावाची आठशे वर्षे

वॉशिंग्टन हे मुळात एका गावाचे नाव. ईशान्य इंग्लंडमधल्या जुन्या डरहॅम परगण्यात, वेअर नदीच्या उत्तरेला हे गाव आहे. जुन्या दप्तरांत ते ‘वेसिंग्टन’ असे लिहिलेले आढळते. वासा नावाच्या अँग्लो-सॅक्सन पुरुषाच्या लोकांची वस्ती, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्याआधी तिथल्या माणसाला बहुधा एकच नाव असे. नवे जमीनदार आपापल्या गावांवरून ओळखले जाऊ लागले आणि पुढच्या तीनेक शतकांत पिढीजात आडनावांची रीत कारागीर-कुळांपर्यंत पोहोचली. धंद्यावरून स्मिथ आणि बेकर, बापाच्या नावावरून जॉन्सन, रंगावरून ब्राउन, तर गावावरून वॉशिंग्टन. पुणेकर-सातारकरांना ही शेवटची तऱ्हा परकी वाटणार नाही. वॉशिंग्टनच्या बाबतीत मात्र हे नाव आधी गावच्या मालकाला लागले.

त्या मालकाची नोंद ११८३ सालच्या ‘बोल्डन बुक’ या दप्तरात सापडते. डरहॅमचे बिशप ह्यू द पुइसे यांच्या जमिनी आणि त्यांवरील देणी नोंदवण्यासाठी ते तयार झाले. विल्यम द हर्टबर्न याने आपले हर्टबर्न गाव बिशपला देऊन बदल्यात वेसिंग्टन घेतले, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी त्याने चार पौंड भरायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्री घेऊन हजर राहायचे, अशी अट होती. गाव बदलले तसे नावही बदलले. हर्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा विल्यम झाला आणि त्याच्या वंशजांनी हेच आडनाव पुढे चालवले. १४१६ ते १४४६ या काळात डरहॅमच्या मठाचा मुख्य असलेला जॉन वेसिंग्टन हा याच नावाचा विद्वान धर्मगुरू.

गावातली मूळ जहागीर पुढे मुलीच्या बाजूने दुसऱ्या घराण्यात गेली. मात्र घराण्याची एक शाखा आधीच लँकेशायरकडे सरकली होती. त्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्दॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात श्रीमंत झाला आणि १५३२ मध्ये त्या शहराचा महापौर बनला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये लॉरेन्सने सलग्रेव्ह येथील जमीन विकत घेऊन घर बांधले. पांढऱ्या ढालीवर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, हे या घराण्याचे कुलचिन्ह.

त्याच्या वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री होता. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात, १६४३ मध्ये, पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी त्याला पदावरून काढले. कुटुंबाचा आधार तुटला. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी जहाजावरून व्हर्जिनियाला गेला. १६५७ च्या सुरुवातीला ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले. जॉन तिथेच राहिला, एका धनिक मळेवाल्याच्या मुलीशी त्याने लग्न केले आणि स्वतःही मळेवाला झाला. १७३२ मध्ये जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

व्हर्जिनियातल्या या घराण्याची संपत्ती गुलामांच्या श्रमावर उभी होती. वडील वारले तेव्हा जॉर्ज अकरा वर्षांचा होता आणि वारशात त्याला दहा गुलाम मिळाले. पुढे तो स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती आणि अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १७९१ मध्ये नव्या राजधानीला त्याचे नाव दिले गेले. १९३८ मध्ये त्या शहराच्या ध्वजावर सलग्रेव्हकरांचेच दोन लाल पट्टे आणि तीन लाल तारे आले. जॉर्जला स्वतःचे मूल नव्हते. १७९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांना मुक्त करण्याची तरतूद होती.

१८६५ मध्ये घटनादुरुस्तीने अमेरिकेतली गुलामगिरी संपली आणि या आडनावाच्या इतिहासाला मोठे वळण मिळाले. कित्येक गुलाम कुटुंबे आपापसांत आधीपासून आडनावे वापरत होती, पण मालकांच्या वह्यांत ती क्वचितच येत. आता ती उघडपणे सांगता येऊ लागली. कोणी जुन्या मालकाचे नाव ठेवले, कोणी स्वतःच्या पसंतीचे निवडले. १८५६ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर या मुलाला शाळेत पूर्ण नाव विचारले गेले, तेव्हा त्याने ‘वॉशिंग्टन’ असे सांगितले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. हाच मुलगा पुढे टस्कीगी संस्था उभारणारा शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन.

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते. त्यांतले जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय होते. १९७५ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या निर्वाचित महापौरपदी आलेले वॉल्टर वॉशिंग्टन हेही गुलाम पूर्वजांचे वंशज होते.

म्हणून या आडनावाचा शोध दोन वेगळ्या वाटांनी घ्यावा लागतो. डरहॅमच्या वंशाचे दुवे जमिनीच्या दस्तांत आणि मृत्युपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. कृष्णवर्णीय वॉशिंग्टन कुटुंबांचा माग मात्र बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी अडतो. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहिलेले असे. माणसाचे नाव सहसा नसे. त्यामागचे पूर्वज शोधायचे, तर मळ्यांचे हिशेब, विक्रीखते आणि मालकांची मृत्युपत्रे चाळावी लागतात. या आडनावाच्या इतिहासाचा मोठा भाग अजून त्याच कागदांत आहे.